बदलीने सांगायचं असतं

रम्या,

तुझं पाकीट अखेर पुन्हा उघडलं. आठ महिने ते माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होतं. तेवढ्या काळात तू तीनदा फोन करून एकच विचारलंस, "वाचलंस का?" आणि मी तिन्ही वेळा म्हटलं, "नाही, आणि वाचणारही नाही." चौथा फोन तुझ्याच नंबरवरून आला म्हणून मी तो आवाज चढवूनच उचलला. पलीकडे लता होती. तुझी बायको अगदी शांतपणे म्हणाली, "शैलाताई, रमाकांत गेले." माझ्या तोंडात भांडणाचं पहिलं वाक्य तयार होतं. ते अजून तिथेच आहे.

आज अठरा दिवस झाले. पेपरात तुझ्यावर बोटभर मजकूर आला, "टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे ज्येष्ठ रचनाकार व लेखक" वगैरे. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या आणि तुझं वय एका वर्षाने कमी. मी पेन्सिल घेऊन तिन्ही दुरुस्त केल्या आणि मग कळेना, की हे आता दाखवायचं कुणाला. तुझं प्रत्येक मराठी पुस्तक छापायला जाण्याआधी माझ्या हाताखालून गेलं, आत माझं नावही छापलेलं असायचं. गिरगावातल्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली मी, पण ऱ्हस्व-दीर्घाशी एवढं उभं वैर असलेला दुसरा लेखक पाहिला नाही. तू म्हणायचास, "शैले, बोलताना कुठे कळतं वेलांटी पहिली की दुसरी? माझा खेळ बोलायचा आहे." यावर मी जास्तच चिडायचे.

पेपरवाल्यांना तुझं काम नीट सांगता आलं नाही, यात नवल नाही. तुझं व्हिजिटिंग कार्ड छापून आलं तेव्हा त्यावरचं 'टेबल' वाचून अर्ध्या चाळीला वाटलं, हा फर्निचरच्या धंद्यात शिरला. काकीने, तुझ्या आईने, मात्र एका वाक्यात निकाल लावला होता. "माझो झील लोकांका गोल करून बसवता, नि तेंकाच गोष्ट सांगूक लावता." याहून नेमकं मीही लिहू शकले नसते. चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो, एकजण खेळ चालवतो आणि पुढे काय घडणार ते सगळ्यांच्या बोलण्यातून ठरतं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एवढ्या एका गोष्टीवर तू जन्म काढलास. आधी शिवडीच्या गोदामात टॅली क्लार्कची नोकरी सांभाळून काढलास, मग बाहेरदेशीचे प्रकाशक इंग्रजीतून लिहायला बोलावू लागले तेव्हा नोकरी सोडून. पण त्याची सुरुवात कुठे झाली हे माझ्याशिवाय आता कुणाला माहीत आहे?

गिरणी संपाच्या वर्षी आपल्या लालबागच्या चाळीत सगळ्यात जास्त बदलली ती दुपार. एरवी दुपारी चाळ बायकांची आणि पोरांची. संप सुरू झाला आणि सगळे बाप घरी आले. पहिले काही आठवडे सणासारखे गेले. मग बाप दुपारचे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले आणि गॅलरीत चेंडूचा एक टप्पा पडला तरी आतून शिवी यायला लागली. क्रिकेट गेलं, लगोरी गेली. आवाज न करता खेळता येईल असं काही उरलंच नाही. तू चौदा वर्षांचा होतास, मी बाराची. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या माथ्यावर कुणाचीच खोली लागत नव्हती. तिथे तू आम्हा पाचजणांना गोलात बसवलंस आणि कुजबुजत म्हणालास, "आपण भाऊच्या धक्क्यावरनं निघालोय. गलबत आपलं आहे. बोल शैले, तू कोण?"

"मी चंद्रा," मी म्हटलं. "सुकाणू माझ्याकडे."

"हॅट, पोरी सुकाणू धरतात काय?" कुणीतरी म्हणालं.

तू म्हणालास, "धरलंय ना तिने आता? मग काय करणार? पुढे बोल."

रम्या, त्या वर्षी आपल्या बापांना गिरणीच्या गेटच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं आणि आपण कुजबुजत अर्धा समुद्र पालथा घातला. मला शाळेतलं त्या वर्षीचं काहीही आठवत नाही. पण आपल्या बेटावर गोड्या पाण्याची विहीर कुठल्या बाजूला होती ते आजही सांगू शकते.

मग संप लांबत गेला तशी लोकांनी पोरं गावाला पाठवायला सुरुवात केली. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून कोकणात गेल्या, कुणी आजीकडे, कुणी मामाकडे. एका दुपारी बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. मी दोन दिवस रडले. जेवले नाही. आणि त्यानंतरच्या सोमवारी बाबा डबा घेऊन निघाले, पोलिसांच्या बंदोबस्तात गिरणीच्या आत गेले आणि आपल्या साच्यावर, मागावर, उभे राहिले. आपल्या चाळीतून संपात आत जाणारा तो पहिला माणूस.

कुणी मारलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. कुणी बोलेनासंच झालं. आई जिन्यात दिसली की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. आमच्या दारावर कुणीतरी खडूने एक शब्द लिहून गेलं, आईने तो पोतेऱ्याने पुसला. आणि जिन्याच्या माथ्यावर पोरांनी तुला सांगितलं, "तिचा बाप आत गेलाय. ती नको." मी दोन पायऱ्या खाली उभी होते, सगळं ऐकत. तू गप्प बसलास. तुझ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, मी घरी गेले. त्या दिवशी मला बाबांपेक्षा तुझा राग जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाण्याला मी नळावर उभी होते. माझ्या पुढे हातभर जागा मोकळी, मागे हातभर जागा मोकळी. तू बादली घेऊन आलास, बरोबर त्या मागच्या जागेत उभा राहिलास आणि नळाकडे बघत बोलायला लागलास.

"काल गलबत खडकावर लागत होतं. चंद्राने उजवीकडे घेतलं. तू नव्हतीस म्हणून मी तुझा बदली होतो. तू असतीस तर उजवीकडेच घेतलं असतंस ना?"

मी मान हलवली.

"मग झालं तर. गलबत बरं आहे. चंद्रा सुकाणूवर आहे."

आणि बादली भरून निघून गेलास. काकी रांगेत मागे होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि तुला अडवलं नाही, हे मला फार नंतर उमगलं.

बदली म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायची गरज नव्हती. तुझे वडील, नाना, अकरा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम करायचं, नाहीतर परत घरी. नाना सांगायचे, दुसऱ्याच्या साच्यावर उभं राहायचं तर साचा त्याचा आहे हे विसरायचं नाही, आणि पाळी सुटल्यावर तो भेटला की धागा कुठे तुटत होता ते त्याला सांगायचं. ही नानांची रीत तू उचललीस आणि महिनाभर रोज सकाळी नळावर माझी पाळी मला सांगितलीस. एकदा मी तुला झापलंसुद्धा. "चंद्रा रडणारी नाय. तू तिला का रडवलंस?" तू घाईने म्हणालास, "रडली नाय गं ती. तोंडावर पाणी उडालं लाटेचं."

मग एका दुपारी आईने मला वरच्या मजल्यावर सूप परत द्यायला पाठवलं. तुमच्या गोलाला वळसा घालून जायचं म्हणून मी भिंतीला चिकटून चालले होते. तू मान वर न करता म्हणालास, "सरका. चंद्रा आली." आणि पोरं सरकली. त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. तोवर आणखी दोघांचे बाप आत गेले होते, आणि ती दोघं त्याच गोलात बसलेली होती. पण पहिल्यांदा जागा झाली ती माझ्यासाठी, आणि ती तू केलीस.

तुझे चाहते ज्याला तुझी प्रतिभा म्हणतात, त्यातला दुसरा अर्धा भाग तर निव्वळ अडाणीपणा होता, हेही आज सांगून टाकते. तू कॉलेजात होतास. फाउंटनच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर तुला परदेशी खेळाच्या एका नियमपुस्तकाची झेरॉक्स मिळाली, पुढची पानं गायब असलेली. तू धापा टाकत माझ्याकडे आलास. "शैले, आपण जे जिन्यात करायचो ना, ते जगात लोक करतात! त्याला नाव आहे!" त्या पुस्तकात पानोपानी लिहिलं होतं, वीस बाजूंचा फासा टाका. वीस बाजूंचा फासा आपण जन्मात पाहिला नव्हता. मग तू मंडळाच्या हाउजीच्या, म्हणजे तंबोलाच्या, सेटमधल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या उचलल्यास, काकीने जुन्या परकराची पिशवी शिवून दिली, आणि फासा टाकण्याऐवजी आपण पिशवीत हात घालून सोंगटी काढायला लागलो. काढलेली सोंगटी बाजूला ठेवायची, कारण हाउजीत तसंच करतात. फाशावर तोच आकडा पुन्हा पुन्हा येऊ शकतो, हे डोक्यातच आलं नाही.

त्या चुकीने तुझं नाव झालं. मोठा आकडा चांगला, छोटा वाईट. पिशवीतून वाईट आकडा एकदा निघाला की तो गेला, पिशवी रिकामी होईपर्यंत परत येत नाही. त्यामुळे लागोपाठ दोन-तीन वाईट आकडे निघाले तर तुझे खेळाडू घाबरत नाहीत, उलट खुशीत येतात. हा गेला, हाही गेला. पुढे बंगळुरूच्या एका मेळाव्यात एका मुलाने या नियमामागचा विचार काय म्हणून विचारलं. तू म्हणालास, "विचार नाही हो, चूक आहे. आमच्या मंडळाची." सगळे हसले. त्यांना वाटलं तू नम्रपणा करतोयस.

'गलबत' ही तुझी पहिली पुस्तिका आमच्याच छापखान्यात छापली. तिच्यात पिशवीचा नियम होता आणि बदलीचा. खेळाला बसताना प्रत्येकाने कागदावर आपलं नाव लिहायचं आणि शेजारी बदलीचं. एखाद्या दिवशी आपण आलो नाही तर आपलं पात्र तो चालवेल. बदलीने पात्र आपलं समजायचं नाही, मूळ माणूस करणार नाही ते करायचं नाही आणि खेळ सुटल्यावर घडलेलं सगळं त्याला जाऊन सांगायचं. शेवटचं कलम तू जाड ठशात घ्यायला लावलंस, "बदलीने सांगायचं असतं." हा नियम कुठून आला असं तुला जिथे तिथे विचारायचे आणि तू म्हणायचास, "माझे वडील बदली कामगार होते." दादरच्या एका कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत होते. हे वाक्य बोलताना तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पुढे गेलास. नळ, रांग, माझे बाबा, यातलं एक अक्षर तू चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाहीस. तुझी एवढी मोठी गोष्ट तू अर्धी सांगत राहिलास, माझ्यासाठी. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेले असते तर त्या दिवसांबद्दल बोलावं लागलं असतं.

आणि मग तू 'गेट' लिहिलंस.

मीच तुझ्या मागे लागले होते ना? संपावर खेळ लिही, लिही म्हणून. तू टाळायचास. मी एकदा चिडवलं, "तुझ्या पिशवीत वाईट आकडे संपतात म्हणे. मग खऱ्या संपात का नाही संपले?" तू म्हणालास, "मध्येच कुणीतरी पिशवीच उचलून नेली, शैले." त्यानंतर दोन वर्षांनी ते पाकीट आलं. मी लाल पेन काढलं आणि कौतुकाने वाचायला बसले. सहा पात्रं. साचेवाला, जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, खानावळवाली, युनियनचा तरुण, बदली. सहाव्या पानावर मथळा होता, 'आत गेलेला'.

मी पुढे एक ओळ वाचली नाही. तसाच फोन लावला आणि म्हणाले, "माझ्या बापाला पिशवीत घालून हलवू नकोस, रमाकांत." मी तुला रमाकांत म्हटलं की तुला काय ते कळायचं. तू म्हणालास, "वाच तरी." मी म्हटलं, "ते पान काढ, नाहीतर पुस्तकावरून माझं नाव काढ." तू म्हणालास, "दोन्ही नाही काढणार." बस्स, एवढंच आपलं शेवटचं धड बोलणं. बाकीच्या तीन फोनांना बोलणं म्हणत नाहीत.

तुझे दिवस झाल्यावर लता मला भेटायला आली. ती परकराची पिशवी आणि एक कागद घेऊन. दादरच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी 'गेट' पहिल्यांदा खेळायचं ठरलं होतं, तू स्वतः चालवणार होतास. मुलं विचारत होती, रद्द करायचं का. लताने कागद माझ्यापुढे ठेवला. तुझं ते गिचमिड अक्षर. 'खेळ चालवणार : रमाकांत. बदली : शैला.' खाली तारीख होती. आपल्या भांडणानंतरची. अरे, ज्या बाईने तुझं पुस्तक वाचायचं नाकारलं तिचं नाव तू बदली म्हणून लिहितोस? मला आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. लता म्हणाली, "ताई, मी चहा टाकू का?" माझ्याच घरात.

ती गेल्यावर मी पाकीट पुन्हा उघडलं. सहाव्या पानावर मथळ्याखाली तू सहाच ओळी लिहिल्या होत्यास. "हा आत का गेला हे या पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. खेळताना त्याला विचारा. तो बोलेपर्यंत थांबा. तो काहीही बोलला, किंवा बोललाच नाही, तरी नियम एक. त्याला गोलातून उठवायचं नाही." उरलेलं पान कोरं आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह. मजकुरात शंका असली की मी समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाकडे परत पाठवते, तीस वर्षं. तू लेखक असून ते माझ्याकडे पाठवलं होतंस. आणि "वाचलंस का?" म्हणून तीनदा आठवण केली होतीस.

रविवारी गेले मी. आता तुला तिथलं सांगते, बदलीने सांगायचं असतं.

सहाजण होते, सगळे विशी-पंचविशीचे. त्यांच्यातल्या एकीने, प्राचीने, सहावं पात्र उचललं. आजोबा गिरणीत होते तिचे, कुठल्या बाजूला ते तिला ठाऊक नव्हतं. तिने पात्राचं नाव ठेवलं यशवंत. माझा आवाज पहिल्यांदा इतका बारीक निघाला की साचेवाला म्हणाला, "ताई, जरा जोरात." मी त्याला सांगितलं, हा खेळ कुजबुजतच सुरू झाला होता. पिशवीतून सुरुवातीलाच तीन, एक, पाच निघाले. खानावळवाली झालेली मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "जाऊ दे जाऊ दे, निघून जाऊ दे सगळे!" तू असतास तर मिशीत हसला असतास.

मग यशवंत आत गेला. जॉबरने त्याला विचारलं, "का गेलास?" प्राची गप्प. मी थांबले. तुझा नियम होता म्हणून थांबले, नाहीतर माझ्याने ते बघवत नव्हतं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तेवढाच आवाज. शेवटी ती म्हणाली, "घरी सगळे माझ्याकडे बघायचे. काय करू ते मला कळेना."

बदलीचं पात्र घेतलेला मुलगा ताडकन म्हणाला, "आमच्याकडे नव्हते बघत? आम्हाला घरं नाहीत? ताई, याला उठवा. हा बसला तर मी नाही खेळत." खरंच तापला होता तो, कान लाल झाले होते. दुसऱ्या दोघांनी त्याला मान डोलावली. प्राची खुर्ची मागे घ्यायला लागली. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटत होतं आपण काहीतरी समजावून सांगू. तोंडातून निघाला तो एकच शब्द. "सरका," मी म्हटलं. "यशवंत आलाय."

मग तो तापलेला मुलगाच आधी सरकला, धुसफुसत, खुर्ची घासत. माफ नाही केलं त्याने यशवंतला. पुढचा तासभर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. पण पिशवी त्याच्याकडे आली तेव्हा सोंगटी काढून झाल्यावर त्याने ती पुढे यशवंतच्या हातात दिली. खेळ तिथून जो सुरू झाला, तो हॉलची वेळ संपली म्हणून थांबला.

घरी येऊन मी सहावं पान पुढ्यात घेतलं आणि तुझ्या प्रश्नचिन्हाचं उत्तर लिहिलं. ते पुस्तकात छापलं जाण्याआधी तू ऐकायला हवंस.

ट्रंक काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाबांना वाटलं मी झोपले. ते आईला हळू आवाजात म्हणाले, "पोर शाळंसाठी रडता. ह्या वयात शाळा तुटली तर परत जोडूची नाय. मी सोमवारी आत जातंय." आई नको नको म्हणत राहिली. मी जागी होते, रम्या. आणि मी शाळेसाठी रडत नव्हते. आपलं गलबत तेव्हा वादळात होतं आणि सुकाणू माझ्याकडे होतं. मी गावाला गेले तर चंद्रा बुडेल, म्हणून मी रडत होते. उठून एवढं सांगितलं असतं तर बाबा हसले असते, ट्रंक भरली असती आणि मी गावाला गेले असते. मी डोळे मिटून पडून राहिले. बाबा आयुष्यभर मान खाली घालून चाळीत वावरले ते माझ्या शाळेसाठी, असं समजून गेले. आणि ज्या खेळासाठी हे झालं त्याच खेळातून मला काढलं, आणि त्याच खेळात तू माझी जागा धरून ठेवलीस. हे तुला सांगायला माझ्याकडे चाळीस वर्षं होती. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही म्हणून तू विचारलं नाहीस. आपण दोघं तसे शहाणेच.

तुझ्याशी भांडले ते बाबांची लाज वाटते म्हणून, असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. लिहायला बसल्यावर कळलं की बाबांची नाही, ती माझी होती. आणि लिहून झाल्यावर ती बरीच कमी झाली आहे. हे खरंच सांगते, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

'गेट' पुढच्या महिन्यात छापायला जाईल. माझं नाव राहू दिलंय, तू म्हणाला होतास तसं. तुझ्या एकशे चौदा चुका काढल्या, तीन मुद्दाम ठेवल्या. मुलं दर रविवारी जमायचं म्हणतायत. परवा कागद भरताना प्राची म्हणाली, "ताई, आता तुमचं नाव चालवणाऱ्यांच्या जागी लिहू ना? कायम झालात की तुम्ही." नाना अकरा वर्षं हा शब्द ऐकायला थांबले होते. मी म्हटलं, "नको गं. ती जागा ज्याची आहे त्याचीच आहे. मी बदली." मग तिने आपणहून माझ्या नावापुढे आणखी एक रकाना आखला आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. बदलीची बदली. असा नियम तुझ्या पुस्तकात नाही. पण मी तो खोडला नाही.

पिशवीत अजून सोंगट्या शिल्लक आहेत. किती आणि कुठल्या ते मी बघितलं नाही, बघायचं नसतं.

तर झाली माझी पाळी सांगून. गोल बसलेला आहे. यशवंत गोलात आहे. गलबत बरं आहे, रम्या. चंद्रा सुकाणूवर आहे.